तासाभराचं हैदराबाद

लेकीनं परवा कोल्हापूर-हैदराबाद विमानाचं तिकीट काढलं. मोबाइलवर अंतर आणि तासाभराचा वेळ दिसला, आणि मला आईचा पहिला विमानप्रवास आठवला.

माझी धाकटी बहीण हैदराबादला शिकून डॉक्टर झाली होती. तिच्या पदवीदानाला आई, थोरला मामा आणि मी निघालो होतो. हिरवं इरकली लुगडं नेसलेली आई खिडकीशी बसली होती. खाली उसाची शिवारं लहान होत गेली. प्रवासाच्या वेळेची घोषणा झाली, तशी तिनं विचारलं, "किती येळ म्हणाली गं?"

"तासभर."

"म्हंजी एस्टीनं मलकापूरला जायला लागतोय तेवढाच की!" मग पुढच्या सीटवरच्या मामाला ती मोठ्यानं म्हणाली, "दादा, ऐकलंस? एवढ्या लांब पोरीला धाडू नगं म्हणून भांडला हुतास न्हवं?"

आजूबाजूचे हसले. मामा मागे वळून म्हणाला, "चुकलंच माझं, शालन."

तेव्हा मलाही गंमतच वाटली. आज कळतं, भावाशी भांडून लेकीला एकटीला पाठवताना आईलाही हैदराबाद लांबच वाटलं असणार.

पाणी द्यायला आलेल्या मुलीला तिनं न विचारताच सांगितलं, "माझी लेक डाक्टर झालीया. तिकडंच निघालोय."