भिमीमावशी म्हणाली, बरं हाय

भिमीमावशीसारखं चिवट माणूस आमच्या वाडीत दुसरं नाय. साठी उलटली तरी सिद्धगडाच्या उतारावरून डोक्यावर मोळी घेऊन अशी चालायची, की तरण्या पोरी मागं पडायच्या. नवरा गेला, पोरबाळ नाय. करवंदं, हिरडे, सरपण विकून खायची. तिचं सगळं घर त्या दोन पायांवर चाललेलं.

मी प्रेमा, टोकावड्याकडची आशा वर्कर. हिरड्याच्या झाडावरून पडून मावशीच्या नडगीचं हाड मोडलं, तेव्हा मीच तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आमच्या वाडीची दोन माणसं आधी तिथं भांडून निघून आली होती. म्हणून आत शिरतानाच मी तिला बजावलं, "मावशे, इथं कुरकुर करू नको हां. डॉक्टर वैतागतात." मोठी शहाणी ना मी!

ऑपरेशन झालं, हाडात सळई बसली. दुसऱ्या दिवशी वाडीत लसीकरण होतं म्हणून मी घरी आले. पुढचं मला शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सांगितलं. त्या संध्याकाळी मावशीची पोटरी टम्म फुगली, पट्टी आवळायला लागली. दातावर दात दाबून पडून होती. सिस्टरनी विचारलं, दुखतं का? मावशी म्हणाली, बरं हाय. आमच्याकडं ज्याच्या घरी जेवलो त्याला नावं ठेवत नाय. पाहुणी अर्धपोटी उठली तरी पोट भरलं म्हणते. मावशीला तिथं खाट मिळाली, दोन वेळचा वरणभात मिळाला, म्हणजे ती त्यांची पाहुणीच झाली. डॉक्टरांनी लांबूनच विचारलं, बरं हाय ऐकलं, आणि पुढच्या खाटेकडं गेले. पांघरूण उचलून पायाची बोटं बघायला काय हात झिजले असते?

तिसऱ्या दिवशी मी परत गेले, पांघरूण काढलं, तर बोटं गार आणि काळी पडलेली. मी ओरडले तेव्हा सगळे धावले. पण उशीर झाला होता. गुडघ्याखालून पाय कापला.

घरी सोडायच्या दिवशी एक मुलगी कागद घेऊन आली. दवाखान्यात पेशंट समाधानी आहेत का, ते विचारत होती. प्रत्येक प्रश्नापुढं तीन चेहरे, हसरा, गप्प आणि रडका. मावशीला लिहिता येत नाय, म्हणून तिच्या बोटाला शाई लावली. जेवण कसं होतं? हसरा. सिस्टर? हसरा. डॉक्टर? तिथंही हसराच.

माझं डोकं फिरलं. तिचं मनगट धरलं नि म्हटलं, "मावशे, पाय गेला तुझा!"

"त्यांनी खाऊ घातलं गो मला," ती म्हणाली. "आणि कुरकुर करू नको, असं तूच सांगितलंस ना?"

रागानं नाय बोलली. आपण सांगितल्याप्रमाणं नीट वागलो की नाय, एवढंच तिला विचारायचं होतं.

मुलीनं शेवटचा प्रश्न वाचला. सोबत आलेल्या आशाताईंच्या कामाबद्दल समाधानी आहात का?

मावशीनं माझ्या हातातून मनगट सोडवलं आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट दाबलं.

"नीट उमटलं का, बघ गो," म्हणाली.