संगमाच्या वर की खाली

माझे यजमान गेले तेव्हा मागे कपाटाचे तीन कप्पे भरून वह्या राहिल्या. त्यांतल्या दोन वह्यांनी मला वर्षभर छळलं. एक निळ्या पुठ्ठ्याची होती, एक करड्या. दोन्हींत एकाच गोष्टीचा शोध होता: विजापूरची फौज निजामशाहीच्या मुलखावर चालून गेली, तेव्हा तिने आमच्या भागात नदी कुठे ओलांडली. निळी वही म्हणत होती, नरसिंहपूरच्या संगमाच्या वर. म्हणजे आधी नीरा उतरून, मग थोडं पुढे जाऊन भीमा. करडी वही म्हणत होती, संगमाच्या खाली. म्हणजे दोन्ही नद्यांचं पाणी एक झाल्यावर, एकदाच. दोन्हीकडे वाक्याच्या शेवटी ‘हे निश्चित’ असं लिहिलं होतं आणि त्याखाली तांबडी रेघ होती. लिहिल्याची तारीख कुठेच नव्हती. कुठली वही आधीची, कुठली नंतरची, हे शाईवरून कळेना, अक्षरावरूनही कळेना.

ते बारामतीच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. मी तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. किल्लारीच्या भूकंपाच्या पुढल्या वर्षी, दिवाळी होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तीन दिवसांच्या तापात ते गेले.

इतिहासातल्या लढाया त्यांना तशा फार आवडत नसत. कोण शूर, कोण फितूर, कुणाची तलवार केवढी, हे सगळं वर्गात संपायचं. घरी त्यांना वेगळेच प्रश्न असत. दहा हजार घोडी एका घाटावर पाणी प्यायला लागली तर शेवटचं घोडं कधी पिणार? हत्ती नदीत आधी उतरवले तर मागच्यांना पाणी मिळतं की गाळ? ज्वारी निघालेल्या रानात एवढी जनावरं किती दिवस टिकतात? जेवताना भाकरी मोडता मोडता ते मला हे विचारायचे. जुन्या तवारिखांत त्याची उत्तरं नसतात, असं म्हणायचे. तिथे एका ओळीत फौज नदी उतरते आणि दुसऱ्या ओळीत लढाईला तोंड लागतं. मधले चार दिवस कुणी लिहीतच नाही.

ते मधले चार दिवस शोधायला ते मेंढपाळांकडे जाऊ लागले. कळंबला एक म्हातारे आबा होते. त्यांच्या घरी पूर्वी मोठा कळप होता. आता कालव्याचं पाणी येऊन रानात ऊस उभा होता, मुलगा कारखान्यात लागला होता आणि मेंढरांच्या नावाने दारात चार शेळ्या उरल्या होत्या. पण आबांच्या डोक्यात सगळे रस्ते होते. कळप दिवसात किती चालतो, कुठल्या माळाला किती दिवस पुरतो, नदीला उतार कुठे मिळतो. यजमान दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी एस.टी.ने तिकडे जायचे आणि वही भरून आणायचे. एकदा मीही बरोबर गेले होते. आबा हसून म्हणाले होते, “मास्तर, मेंढरं काय लढाई करत न्हाईत बगा.” त्यावर हे म्हणाले, “म्हणून तर तुमच्याकडे येतो, आबा. लढणारे खोटं फार बोलतात.”

मला ते वाक्य आवडलं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांचं बाकीचं बोलणं मी ऐकत नव्हते. मान हलवत होते. ते घोड्यांना लागणाऱ्या वैरणीचा हिशोब सांगायचे, तेव्हा माझ्या डोक्यात ग्रंथालयातली परत न आलेली पुस्तकं असायची. वर की खाली, याबद्दलही ते माझ्याशी नक्की बोलले असणार. कदाचित एकदा नाही, दहादा. मला एकही शब्द आठवत नाही.

वर्षश्राद्धाला त्यांच्या लेखांची एक पुस्तिका काढावी, असं गावातल्या इतिहासप्रेमी मंडळींनी ठरवलं. ते काम त्यांच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी अंगावर घेतलं. शिस्तीचा माणूस. या दोन वह्यांतून उतरवलेला नदीचा लेख त्यांना पहिला हवा होता आणि सोबत नकाशा. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “वहिनी, नकाशावर बाण एकच काढता येईल. सरांचं अंतिम मत काय होतं, तेवढं तुम्ही सांगा. तुमच्याशी बोलले असतीलच.”

मी म्हटलं, बघून सांगते. बघण्यासारखं काही नव्हतं. चुकीचा बाण काढला तर तो त्यांच्या नावावर छापला जाणार आणि तो खोडायला ते नसणार, एवढंच मला कळत होतं. हयातीत त्यांनी स्वतःच्या छापील लेखातली एक चूक दोनशे प्रतींवर हाताने दुरुस्त केली होती.

आधी मी एकटीच नरसिंहपूरला गेले. वाटलं, जागा पाहिली की काही उलगडेल. देवळातून खाली आले, घाटाच्या पायऱ्यांवर उभी राहिले. डावीउजवीकडे पाणी होतं आणि पलीकडे शेतं होती. मला ते सगळीकडे सारखंच दिसलं. एक होडीवाला होता, त्याला विचारलं, इथे पाणी किती खोल असतं? तो म्हणाला, “कुठल्या म्हैन्यात?” ते मला माहीत नव्हतं. फौज कुठल्या महिन्यात आली, हे दोन्ही वह्यांत असणार होतं; मी पान उलटून पाहिलंच नव्हतं. तशीच परत आले.

मग कळंबला गेले. मास्तर गेल्याचं आबांना माहीत होतं. आबांची म्हातारी सोप्यात शेंगा फोडत बसली होती. तिने तांब्या पुढे केला आणि पुन्हा शेंगा फोडू लागली. मी पिशवीतून वह्या काढल्या आणि आबांना निळी वही वाचून दाखवली.

“बरूबर हाय,” आबा म्हणाले. “मीच सांगितलंय ते. संगमाच्या वर. सक्रांत झाली की आमी माळशिरसाकडनं करमाळ्याच्या अंगाला जायचो. नीरा गुडघाभर, भीमा मांडीभर. मेंढरू खोल पान्यात न्हाय उतरत, बाई. म्होरक्या मेंढा बुजला की समदं बुजतं.”

मग मी करडी वही वाचली.

आबांचा चेहरा बदलला. “खालनं? खालनं आमी कधीच न्हाय गेलो. हयातीत न्हाय. तितं पानी हत्तीबुडं.”

“मग हे त्यांनी कुठून लिहिलं?”

“आता मी काय सांगू? मास्तर मानूस मोठा. पर हे त्यांनी आपल्या मनानं लिवलंय बगा.”

आपल्या मनाने लिहिणारा माणूस नव्हता तो. आणि तरी ‘निश्चित’ हा शब्द माझ्या मांडीवर, त्यांच्याच अक्षरात, तांबड्या रेघेवर बसला होता. वाटलं, शेवटी शेवटी त्यांचं काही बिनसलं होतं आणि मी ते पाहिलं नाही. की हीच आधीची वही, आबांना भेटण्यापूर्वीची? मी आबांना विचारलं, मास्तर पहिल्यांदा कधी आले? त्यांना वर्ष सांगता आलं नाही. थोरल्या नातीचं लग्न झालं त्या साली, म्हणाले. म्हातारी म्हणाली, धाकटीच्या. त्यावर दोघांची थोडी वादावादी झाली.

आणि मग शेंग फोडता फोडता, वर न बघता, म्हातारी म्हणाली, “आमी जात हुतो की खालनं.”

“तू गप गं,” आबा म्हणाले.

“का गप? बाई इचारायला आलीया. आमी बाया खालनंच जायचो.”

“कवा गं?”

“दर साली. तुमी मेंढरं घेऊन म्होरं जायचा, वरनं. बिऱ्हाड कोण न्ह्यायचं? तुमचा बा?”

मला काही कळेना. मी म्हटलं, “आजी, जरा नीट सांगा. तुम्ही वेगळ्या वाटेने जात होता?”

तिने सूप बाजूला ठेवलं. तिने जे सांगितलं ते असं. पुरुष मेंढरं घेऊन एका वाटेने जायचे आणि बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून दुसऱ्या वाटेने. घोड्यांवर भांडी, पीठ, मीठ, पालाचे दांडके, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि तान्ही पोरं. नदी आली की घोड्यांवरचं सगळं उतरवायचं, पलीकडे नेऊन पुन्हा लादायचं.

“वरनं गेलं तर दोन नद्या,” ती म्हणाली. “म्हंजी दोनदा उतरवा, दोनदा लादा. कोन मरंल तेवढं? खालनं एकदाच. आन् तितं होडी हाय. देवाचं गाव म्हटल्यावर मानसांची ये-जा, होडी असनारच. पीठमीठ, पोरं होडीत, घोडी मोकळी पोहत. पीठ भिजलं तर ह्यांनी काय खाल्लं असतं? मेंढराची लोकर?”

“मला कसं ठावं न्हाय मग?” आबा म्हणाले. ते खरोखर गोंधळले होते.

“तुमाला भाकरी ठावी हाय. सांच्याला पालावर आला की भाकरी तयार. ती कुठल्या वाटंनं आली, कवा इचारलंत?”

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. “आयला,” म्हणाले, “साठ वर्सं झाली लग्नाला.”

म्हातारी इतकी हसली की तिला खोकला आला. मलाही हसू आलं. घरातलं माणूस गेल्यावर पहिल्यांदाच. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात त्यांची फौज चालू लागली. घोडेस्वार वर, दोन उथळ नद्या भराभर ओलांडून. बाजारबुणगे, धान्य, तंबू, तोफांची दारू खाली, होडीने, एकदाच, कोरडं ठेवून. दोन्ही वह्या बरोबर. दोन्ही ‘निश्चित’ निश्चित.

मी म्हातारीला विचारलं, “हे तुम्ही मास्तरांना सांगितलं होतंत का?”

तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. “मास्तर माज्याशी कुठं बोलायचं? चा घेताना ‘आजी, बरं हाय का’ एवढंच. मला न्हाय कुनी कायबी इचारलं.” मग म्हणाली, “पर आमी आपसांत बोलताना ऐकलं आसंल बी. त्यांचं कान लय तिखट हुतं. न्हाय सांगता यायचं, बाई.”

परतीच्या एस.टी.त मी करडी वही पहिल्यापासून वाचली. कारण कुठेच दिलेलं नव्हतं. ना होडी, ना पीठ, ना बायका. नुसतं खाली, आणि निश्चित. त्यांनी ते सोप्यात बसून ऐकलं होतं की स्वतः विचार करून तिथवर पोचले होते? की नुसती चूक केली होती आणि ती योगायोगाने बरोबर निघाली होती? यांतलं काहीही खरं असू शकत होतं.

पुढचे आठ दिवस मी टेबलाशी बसत होते आणि काही लिहीत नव्हते. मोह मोठा होता. दोन वाक्यं घातली असती की लेख पुरा झाला असता: लढणारे वरून, सामान खालून. वाचणारे म्हणाले असते, काय बुद्धीचा माणूस गेला. त्यांच्या भाषेत ती दोन वाक्यं लिहिणं मला अवघड नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांची कितीतरी पानं मी साफ अक्षरात उतरवून दिली होती. पण ती वाक्यं म्हातारीची होती. आणि म्हातारीची म्हणून दिली तर यांच्या हाती काय उरत होतं? एकाच लेखात दोन उलटी विधानं, दोन्हीखाली रेघ. शिवाय म्हातारी सांगत होती मेंढरांचं. चारशे वर्षांपूर्वीची फौज तिच्यासारखी चालली असेल, याला माझ्याकडे काय पुरावा होता? त्यांनी मला तेच विचारलं असतं. की विचारलं नसतं, खूश झाले असते? मला तेही ठरवता येईना.

शेवटी मी दोन्ही वह्यांतला मजकूर जसा होता तसा उतरवून दिला. दोन्ही विधानं, जिथे होती तिथेच. त्याखाली वेगळ्या टिपणात, माझ्या सहीने, म्हातारीने सांगितलेलं, तिचं नाव घालून. फौजेबद्दल मी एक शब्दही लिहिला नाही.

मुख्याध्यापक कागद घेऊन घरी आले. चहा समोर निवत होता, त्यांनी घेतला नाही.

“वहिनी, हे असं छापायचं?”

“हो, सर.”

“वाचणारे म्हणतील, सरांचा गोंधळ झाला होता.”

“झालाच होता.”

“अहो, पण तुमच्या टिपणावरून सरळ दिसतंय, दोन्ही गोष्टी जुळतात. तेवढं एक वाक्य सरांच्या लेखात घेऊ या ना. त्यांना तेच म्हणायचं असणार.”

“असेल,” मी म्हटलं. “मला माहीत नाही. मी ऐकत नव्हते.”

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवले आणि नकाशाचं काय करू, असं विचारलं. बाण काढू नका, म्हटलं. नुसत्या नद्या काढा.

पुस्तिका वेळेवर निघाली. एक प्रत मी कळंबला नेऊन दिली. म्हातारीला वाचता येत नव्हतं, तर नातीने तिचं नाव बोटाने दाखवलं. आबा शेळ्यांना पाणी दाखवायला निघून गेले. पुढे दोघातिघांची पत्रं आली. एकाने लिहिलं होतं की सर गेले नसते तर त्यांनी हा विरोधाभास नक्कीच काढून टाकला असता. दुसऱ्याने माझ्या टिपणाचं कौतुक केलं होतं, आणि ते वाचून मला बरं वाटलं नाही.

मी बरोबर केलं की नाही, याचा विचार मी अजून करते. गोंधळ त्यांचा होता की जेवणाच्या ताटावर मान हलवणाऱ्या माझा, हे मला सांगता येत नाही. छापताना तो त्यांच्या नावावर गेला, आणि तो मी जाऊ दिला.