डॉक्टर नको म्हणाल्या

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही, दादाजवळ नाही, पोटातलं सगळं काढून घेण्यात पटाईत असलेल्या माझ्या शाळेतल्या मित्राजवळही नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही कधी आमच्या घरी येणार नाही, शुभांगीच्या हातचा चहा घेणार नाही, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

ऐकायला गोष्ट क्षुल्लक आहे. चार दिवसांची एक सहल होती, ती रद्द झाली. एवढ्याचं काय घेऊन बसलाय, असं तुम्ही म्हणाल. सुरुवातीला मीही तेच म्हणत होतो.

आम्ही कसबा बावड्यात राहतो. खाली आई-बाबा, मी, माझी बायको शुभांगी आणि सहा वर्षांची स्वरा. वरच्या मजल्यावर दादा-वहिनी. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो, दादाचं पाइपांचं दुकान आहे. दादा मोठ्यानं बोलतो, मोठ्यानं हसतो. त्याच्या हसण्याला मी लहानपणापासून घाबरतो — चाळिशी जवळ आली, अजून घाबरतो. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. माहीत असावं म्हणून सांगतोय.

स्वराच्या वेळी शुभांगीला सहावा संपत आला होता. आमच्याकडे सातव्यात डोहाळजेवण झालं की माहेरची माणसं मुलीला घेऊन जातात, ती बाळ तीन महिन्यांचं झाल्यावरच परत येते. पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यात विचारण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. तिचं माहेर आजरा. म्हणजे आम्हा दोघांच्या हातात जेमतेम तीन आठवडे उरले होते. ती म्हणाली, "त्याच्या आत चार दिवस कुठंतरी जाऊया की. पुन्हा आपण दोघंच असं कधी असणार हाय?"

बरोबर होतं तिचं. दोघंच असे आम्ही कुठं गेलोच नव्हतो. लग्नानंतर देवदर्शनाला गेलो तेव्हा गाडीत नऊ माणसं होती आणि मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो.

मग ठिकाण निवडायचं सुरू झालं. मी शाळेतून आलो की ती मोबाईल घेऊन गच्चीवर वाट बघत असायची. मी पन्हाळा सुचवला. "पन्हाळा? पोरांची सहल न्या तिकडं," ती म्हणाली. महाबळेश्वर नको, गर्दी. आंबोली तर तिच्या माहेराच्या शेजारीच. तिला समुद्र हवा होता. आजऱ्यापासून समुद्र काही फार लांब नाही, पण तिनं तो दोनदाच पाहिलेला, आणि दोन्ही वेळा अंधार पडायच्या आत घरी परत. शेवटी मालवणच्या अलीकडं पोफळीच्या बागेतलं एक घर तिला पसंत पडलं. घर चालवणाऱ्या आजींशी ती फोनवर अर्धा तास बोलली. पायऱ्या किती आहेत, कमोड आहे का, सकाळी गरम पाणी मिळेल का, कुठला मासा चालतो, कुठला चालत नाही. मी नुसता बघत होतो. इतक्या खुशीत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

दोनच गोष्टी राहिल्या होत्या. डॉक्टरांना विचारायचं आणि घरी सांगायचं. "घरी तुम्ही सांगा," ती म्हणाली. एवढंच माझ्याकडं होतं. जास्त होतं का ते?

मी सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो. पण ती वहिनीजवळ बोलली होती, त्यामुळं दादाला कळलंच. एकदा सकाळी चहाच्या वेळी बाबांसमोर तो म्हणाला, "काय सर, दुसरा हनिमून म्हणं? बाळाला बी संगं नेणार, का हितं आमच्याकडं ठेवणार?" आणि हसला. बाबा पेपरातून मान वर न करता हसले. बाबा सहसा हसत नाहीत. माझे कान तापले. आणि मी म्हणालो, "कुठलं काय. डॉक्टरवर हाय सगळं." जाऊ देत ती माणसं, थांबू दे ते हसणं, म्हणून फेकलेलं वाक्य होतं ते.

त्याच दिवशी दुपारी मी सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरबाईंना दाखवायला एकटाच गेलो. त्यांनी बघितला. सगळं उत्तम आहे म्हणाल्या. प्रवासाचं विचारलं तर म्हणाल्या, जाऊन या, तासातासाला गाडी थांबवा, पाय मोकळे करू द्या, पाणी पाजा. अजून काय हवं होतं मला?

बाहेर बाकावर एक बाई रडत होती. तिची सासू शेजारणीला सांगत होती, वार खाली आहे, हलायचं नाही म्हणून सांगितलंय. वार म्हणजे आत बाळाला पोसते ती. ती खाली असली तर रक्त जायची भीती असते, मग प्रवास बंद, जिना बंद. हे मला माहीत होतं. मी विज्ञानाचा शिक्षक आहे.

गाडीवरून घरी येताना मी काय ठरवलं? काहीच ठरवलं नाही — हे खरं सांगतो. दारात दादा आपली कार धूत उभा होता. तोंडावर तेच हसू तयार. "काय म्हणाल्या डॉक्टर?" आणि मी म्हणालो, "नको म्हणाल्या. वार खाली हाय."

दुसऱ्या बाईचं दुखणं उचलून मी माझ्या बायकोच्या पोटात नेऊन ठेवलं. दादाचं हसू गेलं. त्यानं नळ बंद केला. "आरं, मग जपा," म्हणाला, हलक्या आवाजात. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी तसा बोलला. आणि मला बरं वाटलं. ते दोन क्षण मला चक्क बरं वाटलं.

मग मान वळवली तर उंबऱ्यावर शुभांगी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती भिंतीला हात लावत लावत आत गेली आणि हळूच आडवी झाली.

तेव्हा सांगता आलं असतं ना? आलं असतं. संध्याकाळी आईनं भाकरी वाढता वाढता म्हटलं, "मी तर जाऊन या म्हणणार हुते. आमचं राहिलं, तुमचं तरी व्हावं. पण आता नगं." ज्या घराला मी घाबरलो होतो ते घर मला पाठवायला तयार होतं. मला कुणी अडवलंच नव्हतं. आणि तरी मी भाकरीचा तुकडा मोडत बसलो. खोटं बोललो म्हणून सांगायचं तर का बोललो ते सांगावं लागणार, आणि ते ऐकल्यावर दादा हसणार. तेवढ्यासाठी.

शुभांगीनं रिपोर्ट मागितला. डॉक्टरांनी ठेवून घेतला म्हणालो. तो माझ्या शाळेतल्या खणात होता, उत्तरपत्रिकांच्या खाली. माझ्यावर तिनंच नाही, सगळ्या घरानं विश्वास ठेवला. सरांना कळतंय, असंच आमच्याकडं म्हणतात. मालवणच्या त्या आजींना तिनं स्वतःच फोन करून नको सांगितलं. "बाळाला जपायला पायजे ना," ती म्हणत होती. मी शेजारच्या खोलीत वही तपासत होतो, लाल पेन घेऊन.

ती पडून राहिली. कूस बदलतानाही मला विचारायची, अशी वळू का, तशी वळू का. बाळ थोडा वेळ हललं नाही की तिचा चेहरा पांढरा पडायचा. तिला कसलाच धोका नाही हे जगात एकट्या मला माहीत होतं, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. याला काय म्हणायचं?

पुढं माझ्या हातात काही राहिलंच नाही. आईनं हट्ट धरला की असल्या जोखमीला मोठं हॉस्पिटल पाहिजे. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली. वार वर दिसतेय म्हणाल्या. आधी खाली होती, असं आईनं सांगितलं. "सरकते पुष्कळदा," डॉक्टर म्हणाल्या, "पण आधी खाली होती म्हणताय, तर धोका नको. दोन-अडीच तासांचा रस्ता नको. बाळंतपण इथंच करा." आई म्हणाली, बघा, विश्रांतीचा गुण आला. शुभांगीनं माझ्याकडं बघितलं. आणि मला कळलं की नुसती सहल गेली नाही — तिचं माहेर गेलं.

आजऱ्यात तिच्या आईनं मागची खोली रंगवून ठेवली होती. मालिशवाल्या बाईला सांगून ठेवलं होतं. नवी शेगडी आणली होती, डिंक, अळीव, खारीक डब्यांत भरून तयार. मीच फोन केला. त्या म्हणाल्या, "डॉक्टरापुढं आपलं काय चालतंय." डोहाळजेवणाला माहेरची माणसं आली, ओटी भरली, आणि मुलीला न घेताच गाडी परत गेली. शुभांगी खिडकीत उभी होती. गाडी वळेपर्यंत ती हात हलवत होती.

स्वरा झाली. सगळं सुखरूप झालं. तिची आई आठ दिवस येऊन राहिली, पाहुण्यासारखी. पहिल्या नातीला अंघोळ घालायला ती माझ्या आईची परवानगी मागायची. "विहीणबाई, आज मी घालू काय?" आई हो म्हणायची, पण शेजारी उभी राहून पाणी कढत आहे का बघायची. शुभांगी तीन महिने सासूसमोर पदर सावरत बाळंतपण निभावत होती. दुखलं तर दुखलं म्हणायची चोरी, झोप आली तर झोपायची चोरी. तक्रार केली नाही तिनं. कुणाची करणार? डॉक्टरांची?

दुसऱ्या मुलाचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा तसंच झालं तर?" जुनी फाईल कुणाला तरी दाखवूया, असंही म्हणाली. मी म्हणालो, फाईल पुरात गेली. त्या वर्षी आमच्या खालच्या खोल्यांत पाणी आलं होतं, तेव्हा शंका यायचं कारणच नव्हतं. त्यानंतर तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

तिला मी सांगेन का? मला नाही वाटत. सांगून तिला काय परत मिळणार? बघा, पुन्हा पळवाट काढली. तिचं काय होईल याची मला काळजी नाही, तिच्या डोळ्यांत मी कसा दिसेन याची आहे. दादाच्या हसण्याला घाबरलो होतो, आता तिच्या न हसण्याला घाबरतो.

गेल्या महिन्यात आम्ही आजऱ्याला गेलो होतो. तिची धाकटी बहीण बाळंतपणाला आली आहे. आम्ही पोचलो तेव्हा न्हाणीघरात बाळाची अंघोळ चालली होती. तिची आई पाटावर बसून, पायांवर बाळ घेऊन पाणी घालत होती, आणि बहीण आत खाटेवरून ओरडत होती, "आई, मला भूक लागलीय, आधी मला दे." तिची आई म्हणत होती, "थांब गं, बोंबलू नको." शुभांगी दारात उभी राहून हे बघत होती. बराच वेळ उभी होती. मग ती माझ्याजवळ आली आणि ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझं शरीरच तसलं, तुम्ही तरी काय करणार. माझ्यापायी तुमची ती सहलपण राहिली."

मी म्हणालो, असू दे.