अटीसाहेबांचा एक होकार

आमच्या साहेबांनी कशालाच कधी सरळ 'हो' म्हटलं नाही. चहा घेणार का विचारलं, तर "चालेल, पण अर्धा कप, आणि साखर वेगळी." जेवायला बोलावलं, तर "येईन, पण आग्रह नको." शिपायानं रजा मागितली, तरी "घ्या, पण कपाटाची चावी ठेवून जा." त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला माहीत. बाकी सगळ्या ऑफिसला ते अटीसाहेब. हे नाव कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "हरकत नाही, पण माझ्यासमोर नको."

समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या आणि तळातून विजेच्या जाडजूड तारा किनाऱ्यावर आणायच्या, असे प्रकल्प आमच्याकडे यायचे. मासे, कासवं, किनारा, होड्या यांचं काय होईल ते तपासून वर शिफारस पाठवायची, हे आमचं काम. मी बांद्याची, काजूच्या बागेत वाढलेली. समुद्राशी माझा संबंध ताटातल्या बांगड्यापुरता. पण जीभ पहिल्यापासून तिखट. नवी असतानाच मी विचारलं, "नुकसान डोळ्यांना दिसतंय, तर सरळ नाही म्हणून मोकळे का होत नाही आपण?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, नाही म्हणायचा अधिकार मला नाही. हो म्हणायचाही नाही. ते वर ठरतं. मला फक्त 'पण' म्हणता येतं. आणि तो नीट बसला नाही, तर तोही वर खोडतात."

ऑफिसात 'मॅडम' आणि 'अहो'. मालवणच्या जेटीवरून होडीत पाय टाकला की मात्र माणूस बदलायचा. पँट गुडघ्यापर्यंत वर, चपला हातात, आणि मी एकदम 'गो'. "बस गो खाली. ओकारी येता तर वाऱ्याक पाठ कर. माझ्या अंगार नको." मच्छीमाराचा मुलगा, सगळं लहानपण होडीत गेलेलं. पाणी तपासायला बाटल्या भरताना गाणं गुणगुणायचे. परत जेटीला लागलो की पँट खाली, चपला पायात, आणि "मॅडम, अहवाल उद्या द्या." मला हसू यायचं, आणि थोडं वाईटही वाटायचं.

मग एक प्रकल्प नेमका त्यांच्याच गावासमोर आला. वरच्यांना हे माहीत होतं, पण दुसरा अधिकारी नव्हता. त्या दिवसापासून साहेबांनी गावच्या घरी जाणं बंद केलं. थोरला भाऊ बाबलदादा अजून गळानं मासे मारायचा, मच्छीमार सोसायटीही तोच चालवायचा. त्यानं डबा पाठवला की साहेब परत पाठवायचे आणि बाजारातून विकत आणलेले बांगडे स्वतः तळून खायचे. एकदा वहिनीच कोळंबीचा डबा घेऊन ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "भावाघरची सुंगटां खाल्ल्यार सरकार बुडतला काय?" साहेब म्हणाले, "वैनी, हां काम संपांदे, मगे पोटभर खातंय." डबा तसाच परत गेला. त्या दिवशी साहेब जेवले नाहीत.

गावासमोर पाण्याखाली एक मोठं खडप आहे, खडकांची रांगच. गोबरा, तांबोशी असला मोठा मासा तिथेच अंडी घालतो, तिथेच वाढतो. गळानं मासे मारणाऱ्यांची सगळी मिळकत त्या खडपावर. पवनचक्क्यांच्या कंपनीची तार सरळ रेषेत खडप फोडून येणार होती. वळसा घेतला तर खर्च वाढणार, म्हणून कंपनीची तयारी नव्हती. साहेब जीपमध्ये मला एवढंच म्हणाले, "तार वळली पाहिजे. ही एक अट मी बसवणार."

जनसुनावणी गावातल्या शाळेच्या पटांगणात झाली. व्यासपीठावर अध्यक्ष, शेजारी साहेब, समोर माईक. मी मागे कागद सांभाळत. गाव जमला, आणि बाबलदादा उठला, हातात नारळ. आमच्याकडे कुठल्याही कामाला हात घालण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक मागणीला जमलेले सगळे 'व्हय महाराजा' म्हणून साथ देतात. बाबलदादानं सुरू केलं.

"बा देवा महाराजा, आज हय तुझी सगळी लेकरां जमली आसत."

"व्हय महाराजा."

"आमच्या दर्यात मोठा काम येता हा. तेची तार आमच्या खडपार पडूक देव नको."

"व्हय महाराजा."

"ज्या लेकराच्या हातात आज ह्या आसा, तेच्या हातान आमचां खडप राखून घे."

"व्हय महाराजा."

शेवटचा होकार कर्ण्यातून आला, सगळ्यांपेक्षा मोठा. माईक चालू होता. डोळे मिटून, हात जोडून साहेबच बोलले होते. जन्मभर देवळात उभं राहून जे म्हटलं ते तोंडातून आपोआप निघालं. पटांगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबलदादाचा चेहरा असा उजळला की काय सांगू. कंपनीचा माणूस तेवढ्यात मोबाइल काढून कोपऱ्यात गेला. मी मनात म्हटलं, झालं, लागली वाट.

तक्रार लगेच वर गेली. अधिकाऱ्यानं भर सभेत गावाला शब्द दिला, हा निःपक्षपाती कसा, त्याला या कामावरून काढा. वरून निरोप आला, फेरबैठकीत सगळ्यांसमोर खुलासा करा. त्या संध्याकाळी साहेब व्हरांड्यात उभे होते. मला म्हणाले, "शब्द होता असं खरं सांगितलं तर काम जातं. नवा माणूस येईल, तो तार सरळ जाऊ देईल, खडप गेलं. शब्द नव्हता म्हटलं तर खडप वाचेल, गाव जाईल. बोला मॅडम, यातून कुठून बाहेर पडू?"

बैठक ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत झाली. कंपनीची माणसं एका बाजूला, सोसायटीतर्फे बाबलदादा दुसऱ्या बाजूला. अध्यक्षांनी विचारलं, "तो होकार म्हणजे ग्रामस्थांना दिलेला शब्द होता का?"

"नाही," साहेब म्हणाले. "लहानपणापासूनची सवय. तोंडातून निघतं. त्याला काही अर्थ नाही."

पुढे 'पण' येईल म्हणून मी वाट बघत राहिले. आला नाही. बाबलदादा सावकाश उठला. "देवाफुडे बोललंस, तेका अर्थ नाय?" दादा दार उघडून निघून गेला. साहेबांचं काम त्यांच्याकडे राहिलं.

आणि त्यांनी अट बसवली. अशी बसवली की वरच्यांना खोडायला जागा मिळाली नाही. तार खडपाला लांबून वळसा घालून न्यावी, असा आदेश निघाला. गावानं काय म्हणावं? "देवान ऐकला." देवळात मोठं गाऱ्हाणं झालं, गावजेवण झालं. साहेबांना बोलावणं नव्हतं. दर जत्रेला ते आपल्या घरातर्फे नारळ पाठवायचे, दादा त्यांच्या नावानं देवाला सांगणं करायचा. त्या वर्षी नारळ परत आला. साहेबांनी तो टेबलावर ठेवला आणि दिवसभर त्याच्या शेजारी काम केलं.

माझं डोकं भडकलं. "मी जाऊन सांगते दादांना. हा काय न्याय झाला?"

"बसा मॅडम. मी खडपासाठी खोटं बोललो हे गावात कळलं की कंपनीच्या वकिलाला तेवढंच हवंय. अट उडेल."

"मग सांगायचं कधी?"

"तार पडेपर्यंत नाही." मग ऑफिसात कधी न बोललेल्या बोलीत हळूच म्हणाले, "आणि देवान ऐकला म्हणतत, तां काय खोटां आसा गो?"

आज दोघे भाऊ नाहीत, म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे. साहेबांच्या खुर्चीवर आता मी बसते. लोक येतात आणि विचारतात, मॅडम, नाही का म्हणत नाही? मी काय सांगणार, साहेबांनी मला सांगितलं होतं तेच सांगते. तेव्हा कुठे कळतं की त्या खुर्चीला चारी बाजूंनी भिंत आहे, आणि साहेबांनी त्या भिंतीत बसून उभं आयुष्य काढलं.

तेव्हा तार पडल्यावर शेवटच्या पाहणीला आम्ही होडीनं गेलो होतो. साहेबांच्या निवृत्तीला थोडे दिवस उरलेले. खडपावर एकच होडी होती, बाबलदादाची. साहेबांनी आमचं इंजिन बंद करायला सांगितलं. मी म्हटलं, "आता हाक मारा. आता तरी सांगा. कोण काय करणार आहे?"

"तेका वाटता देवान खडप राखल्यान. तां तेच्याकडसून काढून घेव?" साहेब म्हणाले. "र्‍हवांदे गो."

पलीकडे दादानं गळ ओढायला घेतला होता. ओढता ओढता त्याची मान वर झाली, त्यानं आम्हाला ओळखलं. गळ होडीत घेतला, इंजिन सुरू केलं आणि आमच्याकडे पाठ करून निघून गेला. साहेब होडीच्या काठाला धरून उभे राहिले. होडी लांब जाईपर्यंत बघत होते. मग माझ्याकडे वळून हसले.

"गोबरो गावलो तेका. मोठो होतो. बघलंस मां?"

मी हो म्हटलं. मला मासा दिसलाच नव्हता, माझे डोळे भरले होते.