वडीलजनांचं लॉन

ओल्या गवताचा वास आला की आमच्या प्रेस्बिटेरियन चर्चचा तो वर्धापनदिन आठवतो आणि अजून तोंड कडू होतं. शहर पडेगावच्या पुढं पसरत होतं, नळ कोरडे होते, पण मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या वडीलजनांनी टँकर मागवून मांडवाभोवतीचं लॉन भिजवलं होतं. त्यांतले थोरले सुटाबुटात मंडळीचा इतिहास वाचत होते : जुन्या दुष्काळात मिशनच्या विहिरीनं आपल्या पूर्वजांना जगवलं, वगैरे. तेवढ्यात फाटकाशी दोन शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. "लई तहानल्यात, पाणी द्या की." थोरल्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, हे बाप्तिस्म्याचं पाणी आहे." आमच्यात बाप्तिस्मा म्हणजे बाळाच्या कपाळावर चार थेंब, यांनी मात्र मिरवायला घंगाळ काठोकाठ भरलं होतं. माझी आई उठली आणि तिनं ते घंगाळ उचलून शेळ्यांपुढं ठेवलं. "आता बाळाला काय?" थोरले ओरडले. आई म्हणाली, "लॉन पिळा." मंडळीचा इतिहास अजून दरवर्षी वाचतात. त्यात विहीर असते, शेळ्या नसतात.