साखरेसारखा थर

मी चौथीत शाळा सोडली आणि पुढे जन्मभर विहिरी खणल्या. जमिनीच्या पोटातलं मला कुणी शिकवू नये असं वाटायचं, अजून वाटतं.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात मुलाकडे कोलोरॅडोत होतो. एका रविवारी तो आणि सूनबाई मला डोंगरात घेऊन गेले. बुटांना बर्फावर चालायच्या जाळ्या, हातात टेकायच्या काठ्या, छातीवर पट्ट्याने बांधलेलं यंत्र. बर्फाखाली गाडलं गेलं तर शोधायला म्हणे.

"मी काय सुई आहे शोधायला?"

"असू दे बाबा," म्हणत सूनबाईने पट्टा आवळलाच.

वर एक मोकळा उतार लागला. त्याच्या पलीकडे गोठलेलं तळं, तेच बघायचं होतं. बर्फ तपासायला मुलाने कडेला फावड्याने कमरेइतका खड्डा घेतला. वरचा थर फरशीसारखा टणक, खाली साखरेसारखे सुटे दाणे. बोट लावलं की घळाघळा गळायचे.

"बाबा, हा थर कधीही घसरेल. सकाळी रिपोर्टमध्येपण ॲव्हलांचचा धोका पाचात तीन होता. परत फिरू."

मलाही दिसत होतं. विहिरीत असला थर लागला की मी आधी माणसं वर घ्यायचो. पण पोराने मला खड्डा दाखवावा?

"एवढं चालवलंस ते परत न्यायला? इतका घाबरट कधी झालास? चल, हो पुढे."

"नको यार, सांग ना त्यांना," सूनबाई त्याला म्हणाली.

त्याने माझ्याकडे बघितलं, काठ्या उचलल्या. "तुम्ही दोघं इथेच थांबा. मी पोचलो की एकेक या."

दहा-बारा पावलं गेला असेल, खोल कुठेतरी धप्प झालं. त्याच्या पायाखालचा बर्फ बोटभर बसला आणि मागून एक चीर सरसर वर पळाली. तो जागीच थिजला.

"माघारी ये!" मी ओरडलो. "माझं चुकलं, ये!"

आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत तो आला. उतार सुटला नाही. का नाही, ते कुणाला सांगता येणार नाही.

गाडीत मी विचारलं, "तुला कळत होतं ना? मग गेलास कशाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

सूनबाई पुढून म्हणाली, "तुम्हाला कधी नाही म्हणालाय का हा?"

आता फोनवर त्याला काही करायला सांगितलं की मला चैन पडत नाही. लगेच परत फोन लावतो. म्हणतो, "पटत नसेल तर करू नकोस, बरं का."

तो म्हणतो, "हो बाबा."