नव्या पेठेपर्यंत शांतपणे

रहदारीत डोकं शांत ठेवून मोटार कशी चालवावी, हे मला आमच्या ह्यांनी शिकवलं. हे स्वतः मात्र कुणाचा तरी उद्धार केल्याशिवाय एकही चौक ओलांडत नसत. सायकलवाला आडवा आला की खिडकीतून डोकं बाहेर काढायचं, त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची आणि डोकं आत घेऊन मला सांगायचं, "बघ, असं चिडायचं नसतं."

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि मोटार चालवणारी बाई माझ्या माहितीत एकही नाही. मला मिरवायचं नव्हतं. माझी आई होटगीत एकटी राहायची. होटगी काही लंकेत नाही, सोलापूरपासून जेमतेम दहा मैल. पण ह्यांना दुकानातून सवड नाही आणि सुनेनं एकटीनं एसटीची वाट बघत उभं राहणं सासूबाईंना पसंत नाही, त्यामुळे वर्षातून दोनदा आईचं तोंड दिसायचं. मला याचा संताप यायचा, आणि संताप गिळायची मला सवय नव्हती. ("सून जरा तापट आहे" हे आमच्याकडे पाहुण्यांना चहाबरोबरच सांगत.)

मी रोज टुमणं लावल्यावर ह्यांनी अट घातली. घरापासून नव्या पेठेतल्या आमच्या चादरींच्या दुकानापर्यंत गाडी न्यायची. कुणावर ओरडायचं नाही, हॉर्न दाबून धरायचा नाही, कुणाच्या अंगावर जायचं नाही. जमलं तर किल्ली कायमची माझी. नाही जमलं तर मोटारीचं नाव पुन्हा काढायचं नाही. हे माझ्या शेजारी बसले आणि साक्षीदार म्हणून सासूबाई मागे बसल्या. त्या अक्कलकोटकडच्या, घाबरल्या की कानडीत शिरायच्या. गाडी सुरू व्हायच्या आधीच त्यांनी "निधान, निधान", म्हणजे हळू, हळू, असा जप लावला.

दुपारी तीनची वेळ मी निवडली होती. जेवून सगळं गाव लवंडलेलं असतं, रस्ता मोकळा, असा माझा हिशेब! मिलचा भोंगा मी रोज ऐकायची, पण घरातलं घड्याळ लावण्यापुरता. त्याच्याबरोबर माणसंही सुटतात, हे कधी रस्त्यावर उभं राहून पाहिलं नव्हतं. आम्ही मिलच्या फाटकासमोर आलो आणि भोंगा झाला. फाटकातून सायकली निघाल्या त्या थांबेचनात. पुढे सायकली, मागे सायकली. एकानं तर आमच्या खिडकीवर हात टेकला, पायडल मारणं बंद केलं आणि तसाच आरामात आमच्याबरोबर येऊ लागला. मी त्यालाही काही बोलले नाही. माझं मलाच कौतुक वाटत होतं.

तेवढ्यात समोरून सायकलवर चुलत मामंजी आले. आम्हा लिंगायतांत वडीलधारं माणूस दिसलं की 'शरणार्थी' म्हणायचं, तेही दोन्ही हात जोडून. एका हातानं म्हणण्यापेक्षा न म्हटलेलं बरं. शिवाय सुनेचा पदर डोक्यावर हवा. मी तापट असेन, पण उद्धट नव्हते. स्टिअरिंग सोडलं, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. मामंजीही रीतीला पक्के. त्यांनी हँडल सोडलं आणि दोन्ही हात जोडले.

मामंजी तीन सायकलींना बरोबर घेऊन आडवे झाले. आमची गाडी सुताच्या हातगाडीला जाऊन टेकली आणि लाल-हिरव्या लडी बॉनेटवर येऊन पडल्या. कुणाला खरचटलं नाही, पण रस्ता बंद झाला. हे खाली उतरले आणि हातगाडीवाल्यावर ओरडले, सायकलवाल्यांवर ओरडले, त्या भरात मामंजींवरही ओरडले. हातगाडीवाला लडी गोळा करत म्हणाला, "वैनीनं मोठ्या माणसाला हात जोडलं की वो. त्यात चुकलं काय?"

ह्यांना दोष द्यायला कुणीतरी हवंच होतं. ते माझ्या खिडकीशी आले.

"उतर. अट मोडली. अंगावर गेलीस."

"माणसाच्या अंगावर नाही गेले, हातगाडीवर गेले. आणि ओरडताय तुम्ही."

"उतर म्हणतो ना!"

"मी उतरणार नाही."

मिलची अख्खी पाळी ऐकत उभी होती. उतरले असते तर पुढची वीस वर्षं मागच्या सीटवरच गेली असती. मग मागून आवाज आला. "ती चालवतिया की," सासूबाई ह्यांना म्हणाल्या. "तू बस हितं भांडत."

चार जणांनी हातगाडी बाजूला घेतली, सायकली फाकल्या आणि मी निघाले. हे मागेच राहिले. दुकानासमोर धाकटे दीर उभे होते. "भावोजी, पोचले म्हणून ह्यांना सांगा," असं मी चालू गाडीतूनच सांगितलं. थांबले असते तर पुन्हा सुरू करायचा धीर झाला नसता.

"आत्याबाई, होटगीला जाऊ या?" मी सासूबाईंना विचारलं.

"निधान गेलीस तर व्हय."

होटगीत मी गाडी थेट आईच्या दारात नेली. आईची गल्ली इतकी अरुंद, की दोन्ही बाजूंच्या बायकांना आपापल्या बाजा उचलाव्या लागल्या. पण मला सगळ्यांनी बघायला हवं होतं. आई धावत आली. ती रडली, मीही रडले, आणि सासूबाईंनी डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगितलं.

चहा झाल्यावर निघताना लक्षात आलं, की आईच्या दारापुढे गल्ली संपते. आणि गाडी मागे घ्यायला हे सगळ्यात शेवटी शिकवणार होते. शेजारणी बघतच होत्या. "दोन दिवस राहायलाच आलोय," असं मी जाहीर केलं. सासूबाईंनी लगेच बदलायला लुगडं मागितलं.

दुसऱ्या दिवशी हे पॅसेंजरनं होटगी स्टेशनवर उतरून उन्हातून चालत आले. दारात उभे राहून, पाणीसुद्धा न पिता, त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली."

"किल्ली माझी आहे," मी ठणकावून सांगितलं. "तुम्ही फक्त गाडी तेवढी गल्लीबाहेर काढून द्या."